स्टँडर्ड पिस्तूलसाठी जुनं मॅच पिस्तूल घेतोय, नेमकं काय बघू? (कोल्हापूर)

लेथवाला_उद्यमनगर

रामराम मंडळी.

मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे, दोन लेथ आणि एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवरचं मिलिंग मशीन). संध्याकाळी काम आटोपलं की दुधाळीला रेंजवर. सुरुवात १० मीटर एअर पिस्तूलनं केली, आता .२२ वर आलोय आणि २५ मीटर स्टँडर्ड पिस्तूल मन लावून खेळायचं ठरवलंय. सध्या हातात क्लबचं पिस्तूल असतं. पिस्तूल म्हणून ते वाईट नाही, पण त्याच्या मुठीवर सगळ्या गावाचा हात फिरलाय. कुणी डावीकडं घासलंय, कुणी मागं पुट्टी चोपडलीय. माझा पंजा मोठा, त्यामुळं मला ती मूठ कधी बसलीच नाही.

यात पाच-पाच गोळ्यांच्या सिरीज असतात, आधी १५० सेकंदांत, मग २०, मग १०. १५० सेकंदांच्या सिरीज बऱ्या पडतात. २० सेकंदांतही फार पडझड नाही. १० सेकंद आले की पहिल्या दोन गोळ्या आत आणि उरलेल्या तीन डावीकडं खाली. मी उजव्या हाताचा आहे.

आता दोन पिस्तुलं समोर आलीत, दोन्ही वापरलेली. एक इटालियन, मेकॅनिकल ट्रिगर, मूठ 'एम' मापाची. दुसरं जर्मन, बरंच जुनं, सोबत .३२ चं किट, म्हणजे त्याच फ्रेमवर चढणारा मोठ्या कॅलिबरचा वरचा भाग. त्याचे मालक म्हणतात एकाच फ्रेमवर दोन इव्हेंट खेळ. मॉडेलची नावं घेत नाही, दोघंही मालक इथं वाचत असतील. नेमबाज म्हणून परवाना माझ्याकडं आहे, त्यावर पिस्तूल अजून चढलेलं नाही.

मशीन मला कळतं. स्लॅक, फिनिश, कुठं काय घासलंय हे बघून सांगू शकतो. पण पिस्तुलात नेमकं काय बघायचं? आणि एवढी रक्कम घालून १० सेकंदांत फरक पडेल, का दोष माझ्याच हातात आहे?

आईला आकडा सांगितला तर म्हणाली, एवढ्यात म्हशी किती येतात ते सांग. तिलाही काहीतरी उत्तर द्यायचंय.

बावड्याचा_गडी

भावा, एवढे पैसे घालणार तर .२२ चं खेळणं कशाला? फुल साइझ ९ एमएम घे की. सिग, ग्लॉक, सीझेड शॅडो २. शॅडो २ चे व्हिडिओ बघितलेत, नाद खुळा पिस्तूल आहे. एकदाच घ्यायचं तर दणकून घ्यावं.

चौथी_लेन

आधी बावड्याच्या दादांना उत्तर देते, म्हणजे तो विषय मिटेल. ९ बाय १९, म्हणजे तुमचं ९ एमएम, हे आपल्याकडं प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे. सामान्य परवान्यावर ते मिळत नाही; फौज, पोलीस यांच्याकडं ते असतं. शॅडो २ बद्दल तुमचं बरोबर आहे, पोलादी फ्रेम, सव्वा किलोच्या पुढं वजन, त्यामुळं झटका अंगावर येत नाही. पण ते घडवलंय आयपीएससीसाठी. तिथं दोन्ही हातांनी धरून, जागा बदलत, घड्याळाशी भांडत मारायचं असतं. आपण एका हातानं, एका जागी उभं राहून २५ मीटरवर ५ सेंटिमीटरचा दहा (दहा गुणांचं मधलं वर्तुळ) शोधतो. आणि .२२ ला खेळणं म्हणू नका हो. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला आपल्या राही सरनोबतनं शूट-ऑफ जिंकून सोनं आणलं ते .२२ वरच. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सोनं घेणारी ती पहिली भारतीय महिला. तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळेमुळं कोल्हापूरला सगळे रायफलचं गाव समजतात, पिस्तूलवाल्यांनी तरी एकमेकांची किंमत ठेवावी.

आता लेथवाल्या, तुला. वयानं लहान असशील असं धरून अरेतुरे करते.

तुझ्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे १० सेकंदांतल्या शेवटच्या तीन गोळ्यांचं. पिस्तूल विकत घेताना लोक विचारतात, ग्रुप किती मारतं, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ पडतात. हा प्रश्न शेवटी विचारायचा. धड अवस्थेतलं कुठलंही मॅच पिस्तूल, चांगल्या राउंडबरोबर (काडतुसांबरोबर) क्लॅम्पमध्ये धरलं की २५ मीटरवर दहाच्या वर्तुळाच्या अर्ध्यात मावणारा ग्रुप देतं. म्हणजे दहाच्या बाहेर जे जातं ते पिस्तुलाच्या नळीनं घालवलेलं नसतं. (क्लॅम्प म्हटल्यावर तुझ्या डोक्यात बेंच व्हाइस आला असणार. नको. मूठ किंवा फ्रेम व्हाइसमध्ये आवळली की पिस्तूल प्रत्येक गोळीला वेगळं बसतं, ग्रुप पसरतो आणि चांगल्या पिस्तुलाचं नाव खराब होतं. त्याचं वेगळं रेस्ट असतं.)

मग पैसे कशाचे मोजायचे? गोळी सुटल्यावर पिस्तूल काय करतं, याचे.

हिशेब कर. १० सेकंदांत पाच गोळ्या. हात ४५ अंशांतून वर येऊन पहिली गोळी सुटेपर्यंत तीनेक सेकंद जातात. उरलेल्या वेळात चार, म्हणजे दीड-पावणेदोन सेकंदांना एक. एवढ्यात पिस्तूल उचललं जातं, खाली येतं, पुढची साइट (नेमाची पट्टी) मागच्या खाचेत बसते आणि तुला घोडा (ट्रिगर) पुन्हा सावकाश दाबायचा असतो. साइट आपणहून खाचेच्या मध्यात परत आली तर घोड्याला वेळ मिळतो. मनगटानं ओढून आणावी लागली तर तो वेळ तिथंच खर्च होतो, मग माणूस घोडा हिसकतो आणि गोळी डावीकडं खाली. १५० सेकंदांच्या सिरीजमध्ये हे दिसतच नाही, कारण तिथं दोन गोळ्यांमध्ये हात खाली ठेवता येतो. म्हणून पिस्तुलाची परीक्षा १० सेकंदांतच घे. टार्गेट उलटं लाव, पांढरी बाजू पुढं. नेम धरायला काही नसलं की डोळा साइटवर राहतो. पाच गोळ्या मार आणि प्रत्येक वेळी साइट कुठल्या रेषेत वर गेली, कुठं परत आली ते बघ. सरळ वर आणि सरळ खाली आली तर पिस्तूल आणि मूठ दोन्ही तुझी. तिरकी गेली तर मूठ बसलेली नाही. सरळ येऊन खाचेच्या खालीच थांबली तर वजन पुढं फार आहे किंवा तुझं मनगट ढिलं आहे; यातलं कुठलं, ते क्लबच्या पिस्तुलाशी ताडून कळेल.

जाता जाता एक. २५ मीटर खेळणाऱ्या मुलींचा सल्ला घेशील तर जपून घे. त्यांच्या रॅपिडमध्ये एका गोळीला तीन सेकंद आणि मध्ये सात सेकंद हात खाली. त्यांना पिस्तूल पहिल्यांदा वर येताना कसं थांबतं याची जास्त काळजी. तुझ्या इव्हेंटला ते परत कसं येतं याची.

आता मूठ. मूठ ही झिजणारी, बदलणारी वस्तू आहे, 'एम' आहे म्हणून पिस्तूल नाकारू नकोस. पिस्तूल धर, डोळे मीट, हात वर घे, मग डोळे उघड. पुढची साइट खाचेत मधोमध दिसली पाहिजे. डावीकडं दिसली तर मूठ तळहातात भरायला हवी किंवा घासायला हवी, साइटचा स्क्रू फिरवून ते बरं होत नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधला खोबणीचा भाग मुठीला वरपर्यंत भिडला पाहिजे. तिथं फट राहिली की झटका मनगटाच्या वर बसतो. खालचं पाम शेल्फ (तळहाताच्या कडेखालची फळी) हाताला नुसतं टेकलेलं असावं, हात दाबून कोंबलेला नसावा. बरेच जण ते आवळून घेतात, पिस्तूल घट्ट धरल्यासारखं वाटतं म्हणून. पहिल्या दोन गोळ्या छान जातात आणि तिसरीला हात सरकतो, पण शेल्फमुळं तो सरकल्याचं कळत नाही. तुझं लक्षण मला याच्या जवळचं वाटतंय. म्हणजे नव्या पिस्तुलाआधी स्वतःची मूठ हवी, आणि क्लबच्या पिस्तुलाची मूठ तू घासू शकत नाहीस. त्या अर्थानं स्वतःचं घेण्यात शहाणपण आहे. लाकूड घासायला रास्प (जाड दातांची कानस) वापर, एका बैठकीत थोडंच काढ. मनगटाला टेकणारं काही ठेवू नकोस, नियमात मनगट मोकळं लागतं.

घोडा. २५ मीटरला कमीत कमी १००० ग्रॅम. नळी उभी धरून घोड्यावर वजन टांगतात, ते पिस्तुलानं उचललं पाहिजे. बरोबर १००० ला लावून सामन्याला जाऊ नये, स्प्रिंग बसते. वीस-तीस ग्रॅम वर ठेवावं. दोन टप्प्यांचा घोडा असतो. पहिला टप्पा संपून दुसऱ्याची भिंत लागते ती प्रत्येक वेळी त्याच जागी, तेवढीच कडक लागते का, हे सलग बऱ्याचदा दाबून बघ. तुझ्या बोटाला लेथच्या हँडव्हीलची सवय आहे, तुला हे आमच्यापेक्षा लवकर कळेल. पण इथंच एक दम देते. सिअर (आतला हॅमर अडवून धरणारा तुकडा), घोड्याची यंत्रणा, बोल्ट (मागं-पुढं सरकणारा भाग) यांना तुझ्या शॉपमध्ये हात लावायचा नाही. मायक्रॉनमध्ये काम करतोस, मान्य. पण शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि तो बंदुकांच्या कारागिराकडं असतो. बाहेर दिलेले ॲडजस्टमेंटचे स्क्रू तेवढे तुझे.

झीज बघायची ती नळीत नाही. .२२ ची शिशाची गोळी नळी सहसा खात नाही. चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) तोंडाची कड बघ, भिंग घेऊन. रिमफायर पिस्तूल चेंबर रिकामं ठेवून ड्राय केलं (राउंड न घालता घोडा दाबायचा सराव केला) की फायरिंग पिन त्या कडेवर आपटते आणि तिथं खाच पडते. मग केस (काडतुसाचं रिकामं टरफल) अडकते. त्याच्या मालकांना सरळ विचार, ड्राय कसं करत होता. बोल्टच्या मागं बऱ्याच मॅच पिस्तुलांत रबराचा बफर असतो, तो जुना झाला की कडक होतो नाहीतर भुगा होतो. स्वस्त वस्तू आहे, पण तो मिळतो का ते आधी विचारायचं. एक्स्ट्रॅक्टरची (केस बाहेर ओढणारी) नखी बघ. मॅगझिनचे ओठ. जॅमचा निम्मा इतिहास मॅगझिनच्या ओठांत असतो.

जर्मन पिस्तुलाबद्दल. .३२ च्या किटसह म्हणतोस तर वॉल्थर जीएसपीच्या घराण्यातलं असावं. मला ते पिस्तूल आवडतं, पिढ्या त्यावर शिकल्या. मॅगझिन घोड्याच्या पुढं, वजन पुढं, संथ. पण सेंटर फायर (.३२ चा इव्हेंट) खेळणार आहेस का खरंच? .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वॅडकटरचे (सपाट तोंडाच्या गोळीचे) राउंड मिळवणं हा वेगळाच व्याप आहे, आणि किट परवान्यावर कसं दाखवायचं हाही. दोन इव्हेंटच्या मोहात एकही धड होत नाही. आणि जुनं जर्मन किंवा इटालियन कुणी 'रॅपिड फायर स्पेशल' म्हणून दाखवलं तर आधी कॅलिबर वाच. रॅपिड फायर २००४ पर्यंत .२२ शॉर्टवर होती, २००५ पासून लाँग रायफल आली. शॉर्टची पिस्तुलं दिसायला देखणी, घोडा लोण्यासारखा, पण तुझ्या कुठल्याच सामन्यात चालणार नाहीत.

आईला सांग, म्हैस रोज दूध देते, हे रोज राउंड खातं. खरा खर्च तिथं आहे.

बालेवाडी_लेन_२२

ताईंचं बहुतेक पटलं. दोन गोष्टी वेगळ्या सांगतो.

जुनं घ्यायचंच कशाला? नवीन पार्दिनी एसपी (इटालियन मॅच पिस्तूल) बघ की. नळी १२० मिलिमीटर, साइटमधलं अंतर २२० पर्यंत, म्हणजे अंतर नियमात आहे तेवढं पुरेपूर. आयातीची सवलत तुझ्या दर्जाच्या नेमबाजाला लागू होते का ते राज्य संघटनेत विचार. थांबावं लागेल, पण पिस्तूल पहिल्या गोळीपासून तुझं. दुसरं, इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचा विचार कर. पुण्यात बरेच जण वापरतात. भिंत प्रत्येक वेळी सारखीच लागते, सिअर झिजायचा प्रश्न नाही.

राउंड स्टँडर्ड व्हेलॉसिटीचेच घे, ४० ग्रेन, सेकंदाला ३२०-३३० मीटरवाले. हाय व्हेलॉसिटी घालून लोक बोल्ट आणि बफर कुटून काढतात, आणि झटका वाढतो तो वेगळाच. एलीचे टेनेक्स सामन्यापुरते. सरावाला एसके किंवा सीसीआय स्टँडर्ड, जे मिळेल ते, पण एकाच लॉटचे जास्त घेऊन ठेव.

चौथी_लेन

राउंडबद्दल शंभर टक्के. नव्या पिस्तुलाबद्दलही नाही म्हणत नाही, पण त्याला या हंगामात खेळायचंय.

इलेक्ट्रॉनिकवर मात्र माझं मत वेगळं. ट्रिगर उत्तम असतात, वाद नाही. पण तुम्ही पुण्यात, बालेवाडीच्या रेंजच्या छताखाली बोलताय. जून लागला की इथं कपाटातल्या चपलांना बुरशी येते. बॅटरीचे संपर्क हिरवे पडले तर कोल्हापुरात कुणाकडं नेणार? सामन्याच्या दिवशी ट्रिगर मेला तर? मेकॅनिकलचं काय बिघडलंय ते निदान डोळ्याला दिसतं. जिथं सर्व्हिस जवळ नाही तिथं साधी यंत्रणा घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या गावात तुम्ही जरूर इलेक्ट्रॉनिक घ्या.

पावसाचा विषय निघालाच आहे तर, लेथवाल्या, पिस्तूल फोमच्या पेटीत महिनोन् महिने ठेवू नकोस. फोम ओल धरतो आणि जिथं टेकतो तिथंच गंज सुरू होतो. सिलिका जेल घाल, अधूनमधून वाळव, तेलाचा हात फिरव. लाकडी मुठीच्या आतल्या बाजूला, जिथं ती फ्रेमला लागते, तिथं घाम मुरतो. ती काढून पुसायची. हे कुणी करत नाही.

परवाना_शाखेत_चपला_झिजवलेला

मी निवृत्त सरकारी नोकर, नेमबाज नव्हे. मुलगा खेळतो, म्हणून ही वाट तुडवली आहे. पिस्तूल आवडलं की माणसं आधी पैसे देतात आणि मग कागद शोधतात. उलटं करा.

परवानाधारकानं दुसऱ्याला शस्त्र विकायचं तर आधी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं, आणि कळवल्यापासून ४५ दिवस जावे लागतात. विकणाऱ्यानं ही पोच दाखवल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. कोल्हापूर शहराला पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळं आपला सगळा कारभार नागाळा पार्कातल्या कलेक्टर कचेरीत. विकणारा दुसऱ्या जिल्ह्याचा असेल तर दोन्हीकडचे कागद जुळावे लागतात. परवान्यावरचा यूआयएन (परवान्याचा ओळख क्रमांक), पिस्तुलाचा नंबर, कॅलिबर, अक्षर न् अक्षर तपासा. आमच्या ओळखीत एकाच्या कागदावर एक आकडा चुकला होता, तो दुरुस्त व्हायला हंगाम गेला.

पिस्तूल नेमबाजाच्या सवलतीत आयात झालेलं असेल तर ते पुढं कुणाला आणि कधी विकता येतं यावर अटी असतात. आयातीचा मूळ कागद मागा. 'तो घरी कुठंतरी असेल' असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या.

'दोन दिवस घरी नेऊन बघ' याला कधीही हो म्हणू नका. बघायचं ते रेंजवर, मालकाच्या समोर.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या परवान्यावर दोनच शस्त्रं राहतात आणि परवाना पाच वर्षांचा झाला. नेमबाजांचे नियम वेगळे आहेत, पण तुमच्या परवान्यावर तुमचा प्रकार नेमका काय लिहिलाय ते वाचा. पुष्कळ जण वाचत नाहीत. आणि निवडणूक लागली की शस्त्रं जमा करायचा निरोप येतो. नोंदणीकृत खेळाडूंना सूट मिळू शकते, पण ती अर्ज करून, संघटनेचं कार्ड जोडून मागावी लागते. सराव ऐन भरात असताना पिस्तूल ठाण्याच्या कपाटात, हे आम्ही भोगलंय.

बावड्याचा_गडी

बाप रे. एवढ्यात मी घर बांधीन. पण शिकायला मिळालं, आभारी आहे. एक विचारू का, पिस्तूल नियमात बसतं का हे तिथं कसं बघतात? टेप लावून?

चौथी_लेन

पेटीत घालून. आतून ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरची पेटी असते, पिस्तूल सगळ्या साजासकट तिच्यात मावलं पाहिजे. वजन १४०० ग्रॅमपर्यंत, नळी १५३ मिलिमीटरपर्यंत. नळीच्या तोंडाशी झटका कमी करणारं काही बसवलेलं चालत नाही. तुमचं शॅडो त्या पेटीत बसो न बसो, तुम्हाला ते मिळणार नाही.

लेथवाला_उद्यमनगर

ताई, काका, सगळ्यांचे आभार. दोन्ही पिस्तुलं बघून आलो, मालकांच्या समोर, त्यांच्याच रेंजवर. कागद आधी बघितले. दोन्हीकडचे नीट आहेत, इटालियनच्या मालकांनी विक्रीचं लेखी आधीच कळवलंय, पोच बघितली.

जर्मन आधी धरलं. वजनदार, स्थिर, १५० सेकंदांत एकदम राजेशाही वाटलं. पांढऱ्या टार्गेटवर १० सेकंदांची सिरीज मारली तर साइट सरळ वर जात होती पण खाली यायला वेळ घेत होती, आणि चौथ्या गोळीला मी तिला मनगटानं ओढतोय हे मलाच कळलं. बफर वयानं गेलाय. मालकांनी स्वतः सांगितलं, लपवलं नाही.

इटालियनची मूठ लहान पडते, अंगठ्याखाली दाबते. पण डोळे मिटून वर घेतलं तर साइट जवळजवळ मध्यात. पांढऱ्या टार्गेटवर साइट सरळ वर, सरळ खाली, आणि खाचेत. तीन सिरीज मारल्या, तिन्ही वेळा तेच. क्लबच्या पिस्तुलावर परत येऊन तेच करून बघितलं, तिथं साइट वर जाताना उजवीकडं झुकते. इतके महिने मी फक्त टार्गेटवरची भोकं बघत होतो.

आता तक्रारी. चेंबरच्या कडेला भिंगातून बारीक खाच दिसते. मालक म्हणाले सुरुवातीच्या काळात रिकाम्यावर ड्राय केलं होतं. केस मात्र अडकली नाही, सगळ्या निघालेल्या केस गोळा करून बघितल्या, रिमजवळ एक हलका ओरखडा आहे, फुगवटा नाही. घोड्यानं १००० चं वजन उचललं नाही, म्हणजे हलका लावलाय. आणि दोनपैकी एका मॅगझिनमध्ये तिसरा राउंड नाक वर करून येतो. एकदा जॅम झालं ते त्याच मॅगझिननं.

भिंत मात्र, ताई, काय सांगू. तेलाच्या फिल्मवर स्लाइड सरकावी तशी. प्रत्येक वेळी त्याच जागी.

घेऊ का? आणि खाचेबद्दल भाव किती पाडून मागू?

चौथी_लेन

घे.

खाच वाढत नाही, ड्राय बंद केलं की ती तिथंच थांबते. केस अडकत नाहीत तोवर काही करू नकोस. पुढं अडकू लागल्या तर परवानाधारक कारागिराकडून ती कड आतून सारखी करून घेता येते, त्याचं हत्यार असतं. तू स्वतः नाही, हे पुन्हा सांगते, कारण तुझ्याकडं रीमर असणार आणि हात शिवशिवणार. यापुढं ड्राय करताना चेंबरमध्ये प्लॅस्टिकचा प्लग घालायचाच. भाव त्या खाचेसाठी पाड, पण घोड्यासाठी पाडू नकोस, तो स्क्रूचा विषय आहे. वजन टांगून १०३० पर्यंत आण, मग महिनाभरानं परत तपास.

मूठ लगेच घासू नकोस. आधी महिनाभर आहे तशी धर, जिथं दाबतं तिथं पेन्सिलनं खूण कर. खुणा रोज वेगळ्या जागी येत असतील तर तुझी पकडच अजून ठरलेली नाही, आणि न ठरलेल्या पकडीला मूठ घासली की लाकूड जातं आणि पकड पुन्हा बदलते. अंगठ्याखालचं तेवढं आधी काढ. 'एल'ची नवी मूठ मागवायची ती यानंतर.

ते नाक वर करणारं मॅगझिन मालकांनाच परत दे, फुकट देत असले तरी घेऊ नकोस. पेटीत पडलं की सामन्याच्या दिवशी हात त्याच्याकडंच जातो. अडथळा झाला तर सिरीज पुन्हा मारायला मिळते, पण ती सवलत मोजकी असते आणि परीक्षकानं अडथळा मान्य करावा लागतो. दोन नवी मागव, नंबर घाल, आणि कुठल्या नंबरला काय झालं ते वहीत लिही. तुमच्या शॉपात टूलचं रजिस्टर असेलच, तसंच.

४५ दिवस पुरे व्हायच्या आत पिस्तूल ताब्यात घेऊ नकोस. तोवर क्लबच्या पिस्तुलावर पांढरं टार्गेट चालू ठेव, १० सेकंदांचंच. स्कोअर लिहू नकोस, साइट कुठं आली तेवढं लिही. रविवारी सकाळी मी दुधाळीला असते, वही घेऊन ये.